‘उद्या डबा नको’: मालिकांमधली शांतता नेमकं काय करते?

परवा भाची घरी आली होती. कॉलेजात शिकते, सध्या परीक्षा संपल्यात, त्यामुळे मालिकांचा फडशा पाडणं चालू आहे. म्हणाली, “मावशी, तू सांगितलेली ती आठ भागांची मालिका पाहिली. छान आहे गं, पण काय ती माणसं! दोन शब्द बोलतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. शेवटी दीडपटीवर टाकली, तेव्हा कुठे संपली.”

स्वयंपाकघरातून माझ्या आईचा आवाज आला, “आणि मला हसतेस! माझ्या साडेआठच्या मालिकेत महिनाभर एकच लग्न चालतं म्हणून!”

आजी-नातीची तक्रार एकच होती, की पुढे काही सरकत नाही. दोन्ही मालिका संथ, हे मलाही मान्य. पण त्यातल्या एकीतला उदासपणा माझ्या डोक्यात चार दिवस रेंगाळला आणि दुसरीवर आमच्या घरात रोज विनोद होतात. असं का, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न.

तसा हा वाद घरगुती नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने वेग कमी-जास्त करायच्या बटणाची चाचणी सुरू केली, तेव्हा जड ॲपॅटो, ब्रॅड बर्ड यांच्यासारखे दिग्दर्शक जाहीरपणे चिडले होते. पुढच्या वर्षी ते बटण फोनवर आलंच. यूट्यूबवर तर आधीपासून होतं.

आधी आपल्या गप्पांना घड्याळ लावू

दोन माणसं बोलत असतात. एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. मध्ये किती वेळ जात असेल?

२००९ साली भाषा-अभ्यासकांच्या एका गटाने जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधली रोजची, साधी बोलणी मोजून पाहिली. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी लागले सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवते तेवढाच वेळ. जपानी माणसं सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण दोघांतला फरकही अर्ध्या सेकंदाच्या आतला. मराठी त्या दहांत नव्हती. पण लग्नाच्या पंगतीत कान दिला तर आपण डॅनिश लोकांच्या गटात असू असं वाटत नाही.

यात गंमत अशी की एखादा शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तरी उत्तर पाचव्या हिश्शात येतं, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं उत्तर तयार करत असतो. म्हणजे वेळेवर आलेलं उत्तर ही रीत झाली आणि उशिरा आलेलं उत्तर ही बातमी.

समजा, तुम्ही मित्राला विचारलंत, “पाच हजार देतोस का? एक तारखेला परत करतो.” तो चटकन म्हणाला, “हो, देतो की.” प्रश्न मिटला. आता तेच शब्द, फक्त एका सेकंदानंतर: “... हो, देतो की.” तुम्ही लगेच म्हणता, “अरे, नसेल जमत तर राहू दे.” त्याच्या तोंडाने होकार दिला, शांततेने नकार दिला आणि तुम्ही विश्वास ठेवलात शांततेवर. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी, इटालियन आणि जपानी श्रोत्यांना असे होकार ऐकवले होते. होकाराआधीची शांतता जितकी लांबवली तितका तो माणूस श्रोत्यांना नाखूश वाटत गेला. तिन्ही भाषांत हेच घडलं.

मालिकेतला संथ संवाद आपल्या कानातल्या याच काट्यावर चालतो. नटाने फार काही करावं लागत नाही. तो अर्धा सेकंद उशिरा बोलला की आपण सरसावून बसतो.

विलंबित म्हणजे नुसतं हळू नव्हे

‘पेसिंग’ हा या धंद्यातला शब्द. कथेतल्या गोष्टी प्रेक्षकापर्यंत कोणत्या वेगाने पोचवायच्या, त्याचा हिशेब म्हणजे पेसिंग. आपल्याकडे त्याला जास्त चांगला शब्द आहे, लय. मी तोच वापरते.

ही लय एका जागी नसते. माणसं किती भरभर बोलतात, ही तोंडातली लय. एडिटर किती वेळाने कट मारतो, ही कात्रीतली. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांच्या हिशेबानुसार १९३० ते १९६० या काळात अमेरिकी चित्रपटातला एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, सरासरी ८ ते ११ सेकंदांचा असायचा. शतक संपेपर्यंत तो ३ ते ६ सेकंदांवर आला. आपले डोळे आता त्या कात्रीला सरावलेत. म्हणून वीस सेकंद न हललेला कॅमेरा आज आपल्याला टोचतो आणि दिग्दर्शकाला तेच हवं असतं. तिसरी लय कथेची: किती दिवसांनी, किती भागांनी काही उलटतं-पालटतं. या तिन्ही एका वेगाने चालतीलच असं नाही. माणसं तोफेसारखी बोलतात आणि कथा जागची हलत नाही, असंही होतं.

आता मैफलीत जाऊ. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालात मात्रा बाराच, पण एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरं व्हायला कधी कधी मिनिटभर लागतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे आ-आ किती वेळ चालणार? शेजारी बसलेला रसिक मात्र आतल्या आत मात्रा मोजत असतो. गवई समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, लांब लांब जातो, तशी याची मान थबकते. आता कसा परत येणार? मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून बरोबर समेवर आला की तोंडून आपोआप ‘वा’ निघतो. ते मिनिट रिकामं नव्हतं, सम येणार या खात्रीने भरलेलं होतं. ती खात्री काढून घ्या, मग उरतं ते निव्वळ हळू गाणं.

मालिकेतली सम म्हणजे प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न. तो जिवंत आहे तोवर पात्रांनी किती का वेळ घेईना, आपण थांबतो. तो मेला, की दहा सेकंदही जड होतात.

एक पोळी, तीन तऱ्हा

नुसतं बोलून उपयोग नाही, एक प्रसंग घेऊ. मी रचलेलाच आहे. रात्रीचे साडेनऊ. ती पोळ्या करतेय, तो ताटावर बसलाय. त्याची नोकरी गेली आहे आणि तिला हे माहीत नाही.

पहिली तऱ्हा.

“उद्या डबा नको.”
“का, सुट्टी आहे?”
“नोकरी गेली.”
“काय सांगता!”

सहा सेकंद. माहिती पोचली, पण भाव म्हणाल तर बातम्यांच्या पट्टीइतका.

दुसरी तऱ्हा.

“उद्या डबा नको.”

तिचं लाटणं थांबत नाही. पोळी तव्यावर पडते.

“सुट्टी?”

तो वाटीतली आमटी भातावर ओततो. सगळी. मग बोटाने वाटी निपटतो.

“हं.”

ती त्याच्याकडे बघत नाही. तव्यावरची पोळी फुगते, वाफ सोडते, एका कडेने काळी पडायला लागते. ती उलटत नाही.

“परवा?”

तो पाणी पितो. पेला खाली ठेवतो.

“परवा बघू.”

ती गॅस बंद करते.

चाळीसेक सेकंद. ‘नोकरी’ हा शब्द आलाच नाही. तरी तिला कळलं, तिला कळलंय हे त्याला कळलं, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला कळल्या. सगळं काम त्या उशिरा आलेल्या ‘हं’ने केलं. सुट्टी असती तर ‘हो’ पाचव्या हिश्शात आलं असतं. पोळीचंही बघा. तव्यावर पोळी किती वेळ राहिली की करपते, हे मराठी घरातल्या प्रत्येकाला अंगाने माहीत असतं. म्हणजे त्या शांततेत एक घड्याळ टिकटिकतंय आणि ते ऐकू यायला संगीताची गरज नाही.

तिसरी तऱ्हा.

“उद्या डबा नको.” ढॅण्ण! तिचा चेहरा. त्याचा चेहरा. दाराआडून ऐकणाऱ्या नणंदेचा चेहरा. “डबा... नको? म्हणजे... तुम्ही उद्या ऑफिसला... जाणार नाही?” ढॅण्ण! पुन्हा तिघं. “म्हणजे... तुमची नोकरी...?” बाहेर वीज कडाडते. हातातलं लाटणं पडतं, तीन बाजूंनी पडतं. जाहिराती.

सत्तर सेकंद. घड्याळाने पाहिलं तर सगळ्यांत संथ हीच. पण इथे प्रेक्षकाला करायला काही उरलेलं नाही. त्याच्या मनात प्रश्न उठायच्या आत पात्रच तो विचारतं, संगीत त्याचं उत्तर देतं आणि नणंद त्या उत्तरावर शिक्का मारते. दुसऱ्या तऱ्हेत गाळलेल्या जागा आपण भरतो. तिसरीत त्या आधीच भरून आलेल्या असतात, वर अधोरेखित करून.

शांततेलाही आवाज असतो

शूटिंगच्या ठिकाणी एक चमत्कारिक विधी असतो. प्रसंग संपला की साउंड रेकॉर्डिस्ट सगळ्यांना जिथल्या तिथे गप्प उभं करतो आणि अर्धा-एक मिनिट रिकामी खोली रेकॉर्ड करतो. याला ‘रूम टोन’ म्हणतात. फ्रिजची घरघर, लांबची रिक्षा, भिंतींमध्ये कोंडलेली हवा. दोन वाक्यांच्या मध्ये आवाज पूर्ण शून्यावर नेला तर कानाला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं, म्हणून तिथे हा रूम टोन अंथरतात. पडद्यावर जिला आपण शांतता म्हणतो, ती अशी रेकॉर्ड करून आणलेली असते.

खरोखरची पूर्ण शांतता टीव्हीवर इतकी दुर्मीळ, की ती आली तर लोकांना बिघाड वाटतो. १० जून २००७ रोजी ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग एका हॉटेलातल्या टेबलावर, ऐन प्रसंगात, एकदम काळा झाला. आवाजही गेला. सुमारे दहा सेकंद काहीच नाही आणि मग श्रेयनामावली. अमेरिकेत कितीतरी जणांना वाटलं, केबल गेली.

या भीतीपोटीच पार्श्वसंगीत ओतलं जातं. ते वाईट नसतं, पण ते घाई करतं. माणूस कोणत्या भावनेत आहे हे आपण चेहऱ्यावरून शोधायच्या आत सारंगी सांगून मोकळी होते. २००२ साली सुरू झालेल्या ‘द वायर’ या मालिकेने तर पार्श्वसंगीत जवळपास टाकूनच दिलं. गाडीतला रेडिओ, बारमधली गाणी, म्हणजे पात्रांच्या कानावर पडेल तेवढंच संगीत. असं केलं की पोलिसाच्या साध्या ‘बरं’मध्येही धमकी आहे का, हे आपल्यालाच ताडावं लागतं.

“मग रोजच्या मालिकांना नावं का ठेवता?”

आईचा मुद्दा हा, आणि तो रास्त आहे. रोजच्या मालिकेचा संथपणा हा आळस नाही, त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या कौटुंबिक मालिका लागायच्या. पैसा साबणाच्या कंपन्यांचा, म्हणून नाव पडलं ‘सोप ऑपेरा’. त्यांच्या आद्य लेखिकांपैकी अर्ना फिलिप्स यांची ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ २ एप्रिल १९५६ ला टीव्हीवर सुरू झाली. तोवर असे भाग पंधरा मिनिटांचे असायचे, हिचा अर्ध्या तासाचा. जास्तीचा वेळ त्यांनी घटनांनी भरला नाही. माणसं कॉफी घेऊन बसायची आणि बोलायची. ती मालिका २०१० पर्यंत चालली.

ऐकणारी बाई त्या वेळी इस्त्री करत असायची, स्वयंपाक करत असायची. माझी आईही साडेआठची मालिका ‘बघत’ नाही, कांदा चिरत ऐकते. तीन वेळा विचारलेली ‘तुमची नोकरी...?’ तिच्यासाठी असते, कारण पहिल्या वेळी फोडणी चरचरत होती. काल नातेवाइकांकडे गेल्यामुळे भाग चुकला असेल तर तीही सोय यात आहे. हे प्रेक्षकाशी प्रामाणिक वागणं आहे, हे मी मान्य करते.

पण त्यात हिशेबही आहे. आपल्याकडे नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका दाखवता येतात. अर्ध्या तासात उरतात फार तर चोवीस मिनिटं. ती रोज भरायची आहेत, आठवड्यात सहा दिवस, वर्षानुवर्षं. दिवाणखान्यात आठ माणसं उभी करा, प्रत्येकाच्या चेहऱ्याला तीन सेकंद द्या, चोवीस सेकंद झाले. असे तीन धक्के म्हणजे मिनिटापेक्षा जास्त, आणि तेही नवं वाक्य न लिहिता, त्याच जागी, त्याच प्रकाशात. त्यात टीआरपीचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला येतात. जाहिरातीआधी प्रेक्षक निसटू नये म्हणून दर सात-आठ मिनिटांनी ढॅण्ण हवंच. म्हणजे ठेका विलंबिताचा आणि मध्येच तिहाया, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आदळणाऱ्या. अशात भाव साचायला वेळच मिळत नाही.

अपवाद सांगायचा तर १९८७ ची ‘रामायण’. दोन बाण आकाशात एकमेकांकडे किती सावकाश सरकायचे! पुढे काय होणार हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, तरी कोणी उठायचं नाही. तिथे मनात ‘काय होणार’ हा प्रश्नच नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात कोण घाई करतं? २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा लागली तेव्हा भाचीसुद्धा सकाळी हजर असायची.

“खऱ्या आयुष्यात असं कोण बोलतं?”

बहुतेक वेळा कोणीच नाही. वर पाहिलंच, आपण पाचव्या हिश्शात उत्तर देणारी माणसं. पण दवाखान्याच्या बाकड्यावर, दहाव्याहून परतताना गाडीत, जमिनीच्या वाटणीची बोलणी फिसकटल्यावर, तिथे ऐकून बघा. तिथे पाच-पाच सेकंद जातात. नाट्य अशाच जागा निवडतं.

मराठी प्रेक्षकाला तर हे परकं वाटायचं कारण नाही. विजय तेंडुलकरांच्या नाटकांमधली अर्धवट तुटणारी वाक्यं आणि ती तीन टिंबं वाचत, बघत दोन-तीन पिढ्या वाढल्या. विनोदी कथनातसुद्धा हशा वसूल होतो तो वाक्याआधीच्या थांबण्यावर. तेच वाक्य घाईत म्हणून बघा, कोणी हसणार नाही.

लेखकाची अडचण वेगळीच असते. अमेरिकेत ठोकताळा आहे, पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. ‘तो वाटी निपटतो’ ही ओळ कागदावर दीड इंच आहे. वाचणाऱ्याला ती वगळावीशी वाटते. शांतता लिहून विकणं अवघड, म्हणून अनेकदा आधी तिच्यावरच काट बसते.

“पण मला कंटाळा आला तर?”

तर आला. त्यात प्रेक्षकाची अक्कल काढायचं काम नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या २०१७ च्या ‘ट्विन पीक्स: द रिटर्न’ या मालिकेच्या सातव्या भागात बार बंद झाल्यावर एक माणूस फरशी झाडतो. दोन मिनिटांहून जास्त. कॅमेरा लांब, जागचा हलत नाही, मागे एक जुनी धून वाजते. पहिल्या वेळी माझा हात फोनकडे गेला होता. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, मी झाडणाऱ्याकडे बघतच नव्हते, दाराकडे बघत होते. आधीच्या सहा भागांनी शिकवून ठेवलं होतं की या जगात कुठूनही काहीही येऊ शकतं. सातव्याऐवजी पहिल्या भागात तेच दृश्य असतं तर मी उठून गेले असते.

हेही खरं की हल्ली काही मालिका संथपणा खादीच्या कुर्त्यासारखा अंगावर घालतात. करडा प्रकाश, पावसाळी काच, चहाचा कप, शून्यात नजर. माझी साधी कसोटी आहे. शांततेच्या आधी दोन माणसांमध्ये जे नातं होतं तेच शांततेनंतरही असेल, तर तिथे कात्री चालवायला हवी होती. ‘परवा?’च्या आधीची बाई आणि नंतरची बाई एक नाही. खिडकीबाहेर बघून परत आलेला नायक पुष्कळदा तोच असतो.

दीडपटीवर काय हरवतं?

साधी त्रैराशिकं आहेत. ६०० मिलिसेकंदांचा थांबा दीडपट वेगाने ४०० चा होतो. दीड सेकंदाचा एका सेकंदावर येतो. पण तुमच्या कानातला २०० चा काटा तिथेच राहतो, तो काही वेगाबरोबर आक्रसत नाही. त्यामुळे जिथे ‘नाही’ ऐकू यायला हवं होतं, तिथे नुसता जरा विचारात पडलेला माणूस ऐकू येतो. पोळीही करपायच्या आत उतरते. कथा पूर्ण कळते. नोकरी गेली, हे समजतं. ती रात्र कशी होती, ते समजत नाही.

रोजच्या मालिकेचं मात्र दीडपटीवर फारसं बिघडत नाही. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

भाचीला म्हटलं, फक्त एक प्रसंग माझ्याबरोबर नेहमीच्या वेगाने बघ. टीव्हीवर लावला. दोघे भाऊ बंद गाडीत बसलेत, वडिलांच्या घराची किल्ली मधल्या खाचेत पडलीय. धाकटा विचारतो, “तू थांबणार आहेस?” मोठा काही बोलत नाही. संगीत नाही. काचेवर वायपर एकदा फिरतो. भाचीचा हात दोनदा रिमोटकडे गेला, दोनदा मागे आला. दहा सेकंद झाले असतील.

तेवढ्यात आई हातात झारा घेऊन बाहेर आली.

“काय गं, बंद पडला का टीव्ही?”

भाचीने मान न वळवता तिला हाताने गप्प केलं. आई तशीच, झारा धरून, दारात उभी राहिली.